मशीन बाहेर आहे

रविवार, ७ डिसेंबर. हजर: देशमुख सर, अध्यक्ष. लता वाधवानी, खजिनदार. ऋतुजा, नवी सभासद, फिजिओथेरपिस्ट, बदलापूरहून येते. आणि मी, शुभदा, चिटणीस. गैरहजर: म्हात्रे, मुलीकडे पुण्याला.

कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी हजेरी लिहायची, ही माझी सवय. ही गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही. बहिणीला माझं सगळं माहीत असतं, तिलाही नाही. आज लिहायला बसले आहे, आणि पहिल्या चार ओळी मी हजेरीत घालवल्या – म्हणजे बघा.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र अंबरनाथ पश्चिमेला आहे. इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरची आणि आतली. घरात आजारी माणूस असेल त्याला आम्ही व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी वापरायला देतो. अनामत ठेवायची, गरज संपली की वस्तू आणून द्यायची, अनामत परत घ्यायची. करोनानंतर लोकांनी घरात पडून राहिलेली ऑक्सिजनची मशीनं आणून दिली. हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीने देणारं, विजेवर चालणारं मशीन. त्यातली दोन चालू आहेत, बाकीची मोडीत गेली.

त्या रविवारी विषय निघाला तो उल्हासनगरच्या वस्त्यांचा. आमच्याकडे तिथून जवळजवळ कुणी का येत नाही?

देशमुख सर म्हणाले, "आपण दार उघडं टाकून बसलोय. ते लोक येतच नाहीत मागायला. जागरूकता नाही."

ऋतुजा म्हणाली, "सर, मी विचारलं तिथे. पाच नंबर कॅम्पच्या मागे, नाल्याकाठी, मी पेशंट बघायला जाते ना. बायका म्हणतात, अंबरनाथला जाऊन फायदा नाही. ऑक्सिजनचं मशीन कायम बाहेरच असतं."

"बाहेर?" लताभाभी म्हणाल्या. "अगं, वो तो अंदर बैठे बैठे मोटा हो गया."

सगळे हसले. मीही हसले. मग मी चहा सांगितला, पुढचा विषय घेतला – पंख्याची दुरुस्ती – आणि माझ्या अक्षरात जराही फरक पडला नाही. वही मी नंतर उघडून पाहिली. अक्षर अगदी सरळ आहे.

ते वाक्य माझं आहे. 'मशीन बाहेर आहे.' मी एका बाईला ते सांगितलं होतं, चार हिवाळ्यांपूर्वी. आणि ते अजून तिच्या गल्लीत चालू आहे.

थांबा – मी घाई करते आहे. कामाच्या बाईला घाईची सवय असते. नीट सांगते.

एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी बरीच वर्षं काढली. बोल्ट असो की बॅरल, आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल जुळला पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. केंद्र हातात घेतलं तेव्हा तिथे नुसता गोंधळ होता. कुबड्यांची जोडी फुटलेली, एक इथे, एक तिथे. मी रांगा लावल्या, नंबर टाकले, अर्ज छापून घेतला. त्या अर्जात मी एक रकाना घातला: 'कोणाच्या ओळखीने?'

हा रकाना माझा. कुणी सुचवला नव्हता. वस्तू परत यावी म्हणून. माणूस ओळखीचा असेल तर तो शरमेने तरी परत आणतो, असा माझा हिशेब. आणि खरंच, वस्तू परत येऊ लागल्या. सर म्हणायचे, शुभदाताईंनी शिस्त लावली. पण त्या रकान्याने काय केलं ते तुम्हाला सांगू? आमच्या गल्लीतल्या माणसाला तो भरायला अर्धा मिनिट लागायचा. शेजारच्या डॉक्टरांचं नाव, नाहीतर सरांचंच. ज्यांना दुकानातून नवी व्हीलचेअर घेता आली असती, ते आमची जुनी फुकट वापरत होते. आणि ज्यांच्याकडे ओळख नव्हती, ते त्या रकान्यापाशी अडकून माझ्याकडे बघायचे. मग मी म्हणायची, बघा कुणी मिळतंय का. ते जायचे. बहुतेक परत यायचे नाहीत.

मी त्याला शिस्त म्हणत होते. अजूनही तोंडात तोच शब्द येतो.

जानेवारीतली दुपार होती. केंद्रात मी एकटी. ती आत आली ती चप्पल बाहेर काढून – काढायची गरज नसते, कुणी काढत नाही. चाळिशीच्या आतली असेल. ओढणीला निळ्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले. जीन्स शिवून झाल्या की लोंबणारे धागे कापायचे असतात, ते काम ती घरी आणून करायची. तिचं नाव वंदना.

"ताई, इथं ऑक्सिजनचं मशीन भेटतं ना?"

तिचा नवरा सरकारी दवाखान्यात होता. जीन्स फिकी दिसावी म्हणून तिच्यावर औषधाचा फवारा मारतात, ते काम त्याने वर्षानुवर्षं केलं, तोंडाला रुमाल बांधून. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बरा होणार नाही, काही महिने आहेत. पण रोजचा ऑक्सिजन मिळाला तर ते महिने घरी काढता येतील. घरी मशीन असेल तर न्या, म्हणाले. त्याला घरी यायचं होतं. एवढंच मागणं होतं.

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, लाइटचं बिल. एकावर एक, नीट लावलेले. मी स्वतः असे लावते. अनामतही आणली होती, रुमालात बांधून.

मी प्रश्न विचारायला लागले. आणि इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला स्वतःला कळायला वेळ लागला. मी माहिती घेत नव्हते. मी तिचं काहीतरी चुकायची वाट बघत होते.

"तुमच्याकडे लाइट जाते का?"

"जाते ताई. पण बाजूला गुप्ताचं दुकान आहे, त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. तो बोलला, वायर टाकून देतो."

"घर पक्कं आहे का?"

"वर पत्रा आहे, खाली लादी आहे." मग ती जराशी हसली. "ताई, मशीन राहायला येतंय की बघायला येतंय?"

मीही हसले असेन. मग म्हटलं, "ओळख कोणाची?"

"ओळख..." ती अर्जाकडे बघत राहिली. "ओळख आता तुमचीच होईल ना."

कागदात काही कमी असतं तर परत पाठवता आलं असतं. काहीच कमी नव्हतं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून निघालं, अगदी सहज, चहा झाला का विचारावं तसं – "मशीन बाहेर आहे."

मशीन आतल्या खोलीत होतं. मधे नुसता पडदा. त्यावर जुनी चादर टाकलेली आणि चादरीवर माझ्या डब्याची पिशवी.

"कधी येईल ताई?"

"सांगता येत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचा पेशंट सिरियस आहे."

"कोण आहेत?"

असं कुणी विचारत नाही. पण ती विचारत होती, कारण तिच्या लेखी तो माणूस तिच्याच रांगेत पुढे उभा होता. आणि मी उत्तर दिलं. "एक आजोबा आहेत."

"अरेरे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटलेलं दिसलं. आजोबांसाठी. मग तिने कागद त्याच क्रमाने पिशवीत भरले, माझा नंबर घेतला, चप्पल घातली आणि गेली.

मी आत जाऊन चादरीवरचा डबा उचलला आणि जेवले. काय होतं डब्यात ते आठवत नाही. जेवले हे आठवतं.

का केलं? तुम्ही विचाराल. मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत, तीही सांगते. नाल्याकाठची ओल. उंदरांनी नळ्या कुरतडल्या तर? गुप्ताची वायर कसली, मोटर जळली तर? आणि एकदा आमची एक हवेची गादी परत आली ती ढेकणांनी भरलेली. ती शेवटी जाळावी लागली. हे मी कितीतरी वेळा मनात घोळवलं, प्रत्येक वेळी थोडं बरं वाटलं. मग एकदा नीट आठवलं की ती गादी कुठून आली होती. आमच्याच गल्लीतून. लिफ्टच्या इमारतीतून. सरांच्या ओळखीच्या घरातून. आणि त्या घरी त्यानंतर आम्ही व्हीलचेअर दिली, कमोडची खुर्ची दिली, कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीच दिली.

एक खरं कारणही होतं, आणि ते सगळ्यात लाजिरवाणं. सरांच्या बायकोने डिसेंबरात मला सांगितलं होतं, आईला थंडीत दम लागतो, ते एक मशीन ठेवून द्या बाई, लागलं तर असावं. त्यांची आई सोनिवलीच्या नव्या संकुलात राहते. दुसरं मशीन बदलापूरला एका घरी गेलेलं होतं. म्हणजे आत होतं ते एकच, आणि ते मी 'लागलं तर' साठी ठेवलं. त्या आईंना त्या हिवाळ्यात ते लागलंच नाही. कुणी न्यायलाही आलं नाही. फेब्रुवारी संपला, चादर तशीच.

'लागलं तर' आणि 'लागतंय' – या दोन शब्दांमधला फरक मला, स्टोअर सांभाळलेल्या बाईला, कळत नव्हता का? कळत होता. सरांच्या बायकोला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. वंदनाला नाही म्हणायला हिंमत लागतच नव्हती. नुसतं एक वाक्य पुरलं.

तिचे फोन यायचे.

"ताई, आलं का?"

"नाही गं अजून."

"चालेल ताई. आलं की सांगा हां. मी लगेच येते, रिक्षा सांगून ठेवलीये."

मी तिला 'गं' म्हणायला लागले होते. आवाज मऊ करून. खोटं बोलताना माझा आवाज मऊ होतो हे मला तेव्हा कळलं. एकदा तर तिने फोन केला तेव्हा मी आतल्या खोलीतच होते, मशीनवरची धूळ फडक्याने पुसत. एका हातात फडकं, एका हातात फोन. तुम्हाला हे वाचताना धक्का बसत असेल, तर मला सांगायचं आहे की तेव्हा मला कसलाच बसला नाही. मी पुसत राहिले. कोपरेसुद्धा पुसले.

मग तिचे फोन थांबले. मला बरं वाटलं. एक काम कमी झालं असं वाटलं.

मार्चमध्ये ती आली. हातात एक वॉकर होता, जवळजवळ नवा. चप्पल पुन्हा बाहेर. मला वाटलं, भांडायला आली. वाटलं, कुणीतरी सांगितलं तिला.

"हा तुमच्याकडे ठेवा ताई," ती म्हणाली. "मिस्टर घरी आले की चालवायला म्हणून घेतला होता. वापरलाच नाही. कोणाला तरी लागेल."

तिने मग उभ्या उभ्याच सांगितलं. वॉर्डात गर्दी वाढली, त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं येत होती. डॉक्टर म्हणाले, मशीन आलं असेल तर न्या, नाहीतर याला मोठ्या दवाखान्यात, ठाण्याच्या बाजूला पाठवावं लागेल. मशीन आलं नव्हतं. तिकडे गेल्यावर तिला रोज जाणं जमेना. धागे कापायचे, मुलीची शाळा, मुलीला शेजारी ठेवायचं, तिथे भेटायची वेळ ठरलेली. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी ती वाटेत होती. पोचली तेव्हा खाटेवर दुसराच माणूस होता.

"जेव्हा जायची तेव्हा मिस्टर विचारायचे," ती म्हणाली. "मशीन आलं का? मी बोलायची, येईल, एक आजोबा आहेत, त्यांचं झालं की येईल. तर बोलले, मग राहू दे. त्यांना बरं होऊ दे."

मशीनने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. नसताच वाचला. पण दीड-दोन महिने त्याच्या घरात, त्याच्या पत्र्याखाली, मुलगी समोर अभ्यास करताना दिसत असताना – ते सगळं आत चादरीखाली पडून होतं. मी ते ठेवून घेतलं होतं. माझ्या डब्याखाली.

मी काय केलं असेल? आमच्याकडे वस्तू दिली की त्यावर नाव लावतात, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. मी मार्कर घेतला, कागदाची पट्टी कापली आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

"संजय लिहा. बास. आडनाव नको, जागा जाईल."

मी लिहिलं. पट्टीवर सेलोटेप लावला. तिने हाताने दाबून बघितलं, नीट बसलाय का. मग जायला वळली आणि दारात थांबून म्हणाली, "ताई, त्या आजोबांना बरं आहे ना आता?"

हे विचारलं तिने. मी शपथ वगैरे घेत नाही, पण असंच विचारलं. टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला, फार शोधला – असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. ती समोर होती, पडदा मागे होता, मधे चार पावलं. पडदा सारायचा, एवढंच.

"हो," मी म्हटलं. "बरं आहे आता."

"चला," ती म्हणाली. "एकाला तरी कामी आलं."

आणि गेली.

तो वॉकर किती घरांत गेला. म्हातारी माणसं त्याला धरून बाथरूमपर्यंत जातात, परत येतात. परत आला की मी तो डेटॉलने पुसते, पट्टी निघाली असेल तर नवी लावते. मला सवय झाली होती. खरंच सांगते, झाली होती. चार वर्षांत माणसाला कशाचीही होते.

मग त्या रविवारी ऋतुजाने ते वाक्य म्हटलं. वंदनाने तिच्या गल्लीत सांगितलं असणार, चांगल्या मनाने, की उगाच रिक्षाचे पैसे घालवू नका, ते मशीन कायम बाहेर असतं, तिथे फार आजारी माणसं आहेत. बायकांनी एकमेकींना सांगितलं. कुणाचा बाप, कुणाची सासू, कुणाचा नवरा, असाच फवारा मारणारा. ते आलेच नाहीत. आणि आम्ही चहा पीत म्हणालो, जागरूकता नाही. मी मोजायची बाई. ते किती होते हे मला कधीच मोजता येणार नाही, कारण न आलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत नसते. एका माणसाचं मी नुकसान केलं असं धरून चालले होते. एका संपूर्ण गल्लीला मी दार बंद केलं होतं, आणि दारावर पाटी लावायचीही गरज पडली नाही.

त्या रविवारी घरी येऊन मी ओट्यापाशी उभी राहिले. नवरा म्हणाला, "काय गं, बैठकीत भांडण झालं का?" म्हटलं, पंख्याचं काम निघालंय.

सोमवारी अर्जातला ओळखीचा रकाना काढून नवे अर्ज छापायला टाकले. छापखानेवाल्याने विचारलंसुद्धा नाही का. एक मशीन ऋतुजाच्या ताब्यात दिलं, वस्तीतच ठेव म्हणून. ती खूश झाली, म्हणाली, शुभदाताई, तुम्ही ग्रेट आहात. मी तेही ऐकून घेतलं. ही कामं झाली. माझ्या हाताला कामं करता येतात.

बुधवारी उल्हासनगरला गेले. नाल्यावरच्या पुलापाशी रिक्षा थांबवून उतरले. गल्ली तिथूनच आत जाते. पाणी भरायची वेळ होती, बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. एकीने विचारलं, "कोणाकडे जायचंय मावशी?"

"कोणाकडे नाही," मी म्हटलं आणि त्याच रिक्षात बसून परत आले.

शुक्रवारी पुन्हा गेले. पुलावर उतरलेच नाही.

तिला काय सांगायचं ते लहानच आहे. मशीन आत होतं. आजोबा नव्हतेच कधी.

हे वंदनाला सांगायचं राहिलं आहे.